स्वस्त बाण, महागडी ढाल

शुक्रवार, १४ जुलै २००६. रात्रीची वेळ. बैरूतच्या किनाऱ्यापासून सुमारे १६ किलोमीटरवर इस्रायलची ‘हनित’ ही युद्धनौका गस्तीवर होती. लेबनॉनमधल्या हिजबुल्ला या सशस्त्र संघटनेशी युद्ध पेटून दोनच दिवस झाले होते आणि समुद्राच्या बाजूनं त्या देशाची नाकेबंदी करणं हे ‘हनित’चं काम होतं. येणारं क्षेपणास्त्र हवेतच पाडणारी बराक यंत्रणा नौकेवर होती, पण ती सज्ज ठेवलेली नव्हती. ज्या संघटनेकडे आरमार नाही की विमान नाही, ती भर समुद्रातल्या युद्धनौकेचं काय वाकडं करणार, असा हिशेब होता. किनाऱ्यावरून सुटलेल्या एका क्षेपणास्त्रानं तो चुकीचा ठरवला. नौकेच्या मागच्या भागात आग भडकली, चार नौसैनिक मेले. हिजबुल्लाचा प्रमुख हसन नसरल्ला त्या वेळी प्रक्षेपणातून लोकांशी बोलत होता, आणि समुद्राकडे बघा, नौका जळतेय, असं तो बैरूतकरांना सांगत होता. त्याच रात्री सोडलेल्या दुसऱ्या क्षेपणास्त्रानं या भांडणाशी काडीचाही संबंध नसलेलं एक मालवाहू जहाज बुडवलं.

‘हनित’ बुडाली नाही. आग विझवून ती स्वतःच्या इंजिनांवर अश्दोद बंदरात परतली आणि पुढे पुन्हा सेवेत आली. पण त्यानंतर नाकेबंदी करणाऱ्या इस्रायली नौकांना किनाऱ्यापासून आणखी दूर राहावं लागलं. हिजबुल्लाला समुद्र जिंकता आला नव्हता. त्या समुद्रात वावरणं मात्र तिनं शत्रूला महाग करून ठेवलं होतं. सरकारं आणि सशस्त्र संघटना यांच्यातला लष्करी तोल क्षेपणास्त्रांनी कसा बदलला, याचं मर्म या फरकात आहे.

वैमानिकाशिवायचं हवाई दल

विसाव्या शतकात बंडखोर संघटना कितीही चिवट असली, तरी तिच्या आवाक्याला मर्यादा होती. रणगाडे, युद्धनौका आणि विमानं सरकारकडे असत. गनिमाकडे डोंगर, रात्र आणि स्थानिक लोकांचा आसरा असे. तो खिंडीत गाठून मारू शकत होता, पण राजधानीवर किंवा बंदरावर दुरून घाव घालणं सहसा त्याच्या हाताबाहेरचं होतं. त्यासाठी हवाई दल लागतं, आणि हवाई दल म्हणजे धावपट्टी, इंधनाच्या टाक्या, सुटे भाग, तंत्रज्ञ आणि वर्षानुवर्षं घडवलेले वैमानिक. हे सगळं लपवून ठेवता येत नाही.

मार्गदर्शित क्षेपणास्त्रानं ही अट मोडली. लक्ष्य शोधायचं, त्याचा पाठलाग करायचा, दिशा सुधारत राहायची, हे वैमानिकाचं कौशल्य कारखान्यातच शस्त्राच्या टोकात भरलं गेलं. डागणाऱ्याला काही आठवड्यांचं शिक्षण पुरतं. ‘हनित’वर आदळलेलं सी-८०२ हे मूळ चिनी बनावटीचं आणि इराणमार्गे आलेलं क्षेपणास्त्र ट्रकवरून सोडता येतं. ते लाटांच्या वर काही मीटर उंचीवरून, आवाजाच्या वेगाच्या थोडं खाली उडतं. पृथ्वीच्या गोलाईमुळे जहाजाच्या रडारला इतक्या खालून येणारी वस्तू पंचवीस-तीस किलोमीटरवर आल्यावरच दिसते. सेकंदाला जवळपास ३०० मीटर हा वेग धरला, तर ती ओळखायला, ठरवायला आणि पाडायला जेमतेम दीड मिनिट उरतं. तेवढ्यात ट्रक आडवाटेला लागलेला असतो.

लहानानं मोठ्याला असं गाठण्याची सुरुवात मात्र सरकारांनीच केली. १९६७च्या ऑक्टोबरमध्ये इजिप्तच्या छोट्या क्षेपणास्त्र नौकांनी सोव्हिएत बनावटीच्या स्टिक्स क्षेपणास्त्रांनी इस्रायलची ‘इलात’ ही विनाशिका बुडवली. चारच वर्षांनी, ४ डिसेंबर १९७१च्या रात्री, भारतीय नौदलाच्या ‘निर्घात’, ‘निपात’ आणि ‘वीर’ या तशाच लहान नौकांनी कराचीवर हल्ला चढवला. आपला नौदल दिन त्या रात्रीचा आहे. हे शस्त्र एवढ्याशा नौकेवरून चालतं, तर एक दिवस ते ट्रकवरूनही चालणार आणि ट्रक बाळगायला सरकार असावंच लागत नाही, ही त्यातली पुढची पायरी होती.

खांद्यावरचा स्टिंगर

ही पायरी हवेत आधी ओलांडली गेली. २६ सप्टेंबर १९८६ रोजी अफगाणिस्तानात जलालाबादच्या विमानतळाजवळ सोव्हिएत सैन्याशी लढणाऱ्या मुजाहिदीनांची एक तुकडी दबा धरून बसली होती. सोव्हिएत बनावटीची एमआय-२४ हेलिकॉप्टरं उतरायला लागली तशी त्यांनी अमेरिकेनं पुरवलेली स्टिंगर क्षेपणास्त्रं डागली आणि तीन हेलिकॉप्टरं पाडली. स्टिंगरचं वजन नळीसकट पंधरा-सोळा किलो. त्याच्या टोकातला संवेदक इंजिनाची उष्णता हेरतो. नेम धरायचा, संवेदकाला लक्ष्य सापडल्याची खूण मिळाली की चाप ओढायचा आणि तिथून निघायचं. पुढचं काम क्षेपणास्त्राचं.

त्याआधी एमआय-२४ हा मुजाहिदीनांचा काळ होता. चिलखती अंगाचं हे हेलिकॉप्टर खाली येऊन दऱ्याखोऱ्यांत माणसं टिपत असे. स्टिंगर आल्यावर वैमानिक उंचावरून उडू लागले, रात्रीची उड्डाणं वाढली, उष्णतेचा माग चुकवण्यासाठी जळत्या फ्लेअर जास्त प्रमाणात सोडल्या जाऊ लागल्या. उंचावरून नेम चुकतो आणि खाली अडकलेल्या तुकडीला वेळेवर मदत मिळत नाही. तोल बदलला तो इथे.

स्टिंगरनं सोव्हिएत संघाला हरवलं, ही मात्र दंतकथा आहे. सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांनी अफगाणिस्तानला भळभळती जखम म्हटलं ते १९८६च्या फेब्रुवारीत, म्हणजे जलालाबादच्या सात महिने आधी. तिथून निघायचं त्यांच्या मनानं घेतलं होतं. स्टिंगरनं रेंगाळण्याची किंमत वाढवली. १५ फेब्रुवारी १९८९ला शेवटचं सोव्हिएत सैन्य बाहेर पडलं, आणि त्यानंतर अमेरिकेवर वेगळीच वेळ आली. आपणच वाटलेले स्टिंगर उद्या एखाद्या प्रवासी विमानावर रोखले जातील, या धास्तीनं ते पैसे मोजून परत विकत घेण्याची मोहीम सीआयएला चालवावी लागली. शस्त्र देणं सोपं असतं, परत मागणं अवघड.

ही धास्ती अनाठायी नव्हती. एप्रिल १९९५मध्ये श्रीलंकेत लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेनं लागोपाठच्या दोन दिवसांत हवाई दलाची दोन अ‍ॅव्हरो विमानं पाडली. १७ जुलै २०१४ रोजी पूर्व युक्रेनमध्ये रशियाच्या पाठिंब्यावर लढणाऱ्या फुटीरांच्या ताब्यातल्या भागातून सुटलेल्या बुक क्षेपणास्त्रानं मलेशिया एअरलाइन्सचं एमएच-१७ हे विमान पाडलं आणि त्यातले २९८ जण मेले. सरकारी हवाई संरक्षणाच्या मागे नागरी उड्डाणांची नोंद ठेवणारी व्यवस्था आणि वरिष्ठांची परवानगी घेण्याची रीत असते. शेतात उभ्या केलेल्या एकट्या लाँचरमागे ती असेलच, याची खात्री नसते.

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला

२००६च्या युद्धात जगाचं लक्ष ‘हनित’कडे गेलं, पण इस्रायलला खरं हैराण केलं ते फार साध्या शस्त्रानं. ३४ दिवसांत हिजबुल्लानं उत्तर इस्रायलवर जवळपास ४,००० रॉकेट डागली. त्यांतली बहुतेक अमार्गदर्शित होती. म्हणजे एकदा सुटलं की ते जिथे पडेल तिथे पडणार. नेम असा नव्हताच. तरी लाखो लोकांना घरं सोडावी लागली किंवा तळघरांत दिवस काढावे लागले. इस्रायली विमानांचा मारा अहोरात्र चालू असूनही रॉकेट अगदी शेवटच्या दिवसापर्यंत येत राहिली. लेबनॉनमध्ये हजाराहून जास्त माणसं मेली आणि त्यांत बहुसंख्य सामान्य नागरिक होते. लष्करीदृष्ट्या हिजबुल्लानं काहीही जिंकलं नाही. तरीही, रोज रॉकेट पडत असताना कोणत्याच सरकारला आपल्या मतदारांपुढे विजयाची घोषणा करता येत नाही.

त्यातून रॉकेट हवेतच पाडणाऱ्या आयर्न डोम या इस्रायली यंत्रणेला बळ मिळालं. २०११च्या मार्चमध्ये ती गाझाच्या बाजूला, दक्षिण इस्रायलमध्ये तैनात झाली आणि एप्रिलमध्ये तिनं पहिलं रॉकेट पाडलं. तिची खुबी गणितात आहे. रडार रॉकेटचा मार्ग टिपतं, संगणक ते कुठे पडेल हे काढतो, आणि मोकळ्या रानात पडणार असेल तर त्याच्या वाटेला जात नाही. वस्तीकडे येणाऱ्यावरच तामिर हे क्षेपणास्त्र सुटतं. एका तामिरची किंमत साधारण चाळीस ते पन्नास हजार डॉलर सांगितली जाते, तर गाझातल्या वर्कशॉपमध्ये बनणारं साधं रॉकेट काहीशे डॉलरमध्ये होतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असा हा प्रकार.

हा हिशेब अर्धाच खरा आहे, हेही सांगायला हवं. तामिरची तुलना रॉकेटच्या किमतीशी न करता, ते पडलं असतं तर झालेल्या नुकसानीशी केली, तर सौदा स्वस्तातला ठरतो. श्रीमंत देशाला तो परवडतो. खरी अडचण पैशाची नसून साठ्याची आहे. डॉलर छापता येतात, पण पाडणारी क्षेपणास्त्रं ठरावीक कारखान्यांतून ठरावीक वेगानंच बाहेर पडतात.

हे उघड दिसलं ते तांबड्या समुद्रात.

हुथींची सामुद्रधुनी

यमनच्या उत्तरेकडच्या डोंगरांतली हुथी ही संघटना. २०१४च्या सप्टेंबरमध्ये तिनं राजधानी सना काबीज केली आणि सरकारी शस्त्रकोठारांची किल्ली तिच्या हाती आली. त्या कोठारांत काय होतं, याची झलक जगाला बारा वर्षं आधीच मिळाली होती. डिसेंबर २००२मध्ये अरबी समुद्रात स्पेनच्या नौदलानं उत्तर कोरियाचं एक जहाज अडवलं. सिमेंटच्या पोत्यांखाली १५ स्कड क्षेपणास्त्रं निघाली. यमन सरकारनं ती रीतसर विकत घेतल्याचं सांगितलं, आणि कायद्यात अडवायला जागा नसल्यामुळे जहाज सोडून द्यावं लागलं. सरकारला विकलेलं शस्त्र सरकारकडेच राहील, असं त्या कायद्यानं गृहीत धरलं होतं.

हुथींनी या वारशाला इराणी सुट्या भागांची आणि इराणी तंत्राची जोड दिली. विमानं पाडायला बनवलेली जुनी सोव्हिएत क्षेपणास्त्रं त्यांनी जमिनीवरच्या लक्ष्यांसाठी फिरवून घेतली. २०१५पासून सौदी अरेबिया आणि त्याचे मित्र हवाई हल्ले करत होते. तरी ४ नोव्हेंबर २०१७ला हुथींनी थेट रियाधच्या विमानतळाच्या दिशेनं क्षेपणास्त्र सोडलं. १४ सप्टेंबर २०१९ला ड्रोन आणि क्रूझ क्षेपणास्त्रांच्या हल्ल्यात अबकैकचा तेल प्रकल्प पेटला आणि सौदीचं जवळपास निम्मं तेल उत्पादन काही काळ थांबलं. हुथींनी त्याची जबाबदारी घेतली, तर अमेरिका आणि सौदीनं इराणकडे बोट दाखवलं. अशा संघटनेचा पाठीराख्याला हा आणखी एक उपयोग असतो. घाव कोणी घातला, हेच वादात राहतं. १७ जानेवारी २०२२ला अबुधाबीवरच्या हल्ल्यात तिघे मेले. त्यांतले दोघे भारतीय आणि एक पाकिस्तानी होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये यमनमध्ये शस्त्रसंधी झाली आणि पुढच्या एप्रिलमध्ये सौदी शिष्टमंडळ बोलणी करायला सनात हजर झालं.

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी हुथी हेलिकॉप्टरनं ‘गॅलक्सी लीडर’ या जहाजावर उतरले आणि ते पळवून नेलं. गाझातल्या युद्धाचा बदला म्हणून इस्रायलशी संबंध असलेली जहाजं आपण अडवणार, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रत्यक्षात फारसा संबंध नसलेलीही कित्येक जहाजं त्यांनी लक्ष्य केली. बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद ठिकाणी तीसेक किलोमीटरची आहे आणि हिंदी महासागरातून सुएझ कालव्याकडे जाणारं प्रत्येक जहाज तिथून जातं. इथे हुथींनी जहाजांवर बॅलिस्टिक क्षेपणास्त्रं डागली, आणि प्रत्यक्ष युद्धात असा वापर जगात पहिल्यांदाच झाला. बहुतेक हल्ले चुकले किंवा हाणून पाडले गेले. पण जहाज कंपन्या आणि विमेवाले टक्केवारी बघत नाहीत, एका बुडालेल्या जहाजाची किंमत बघतात. खतानं भरलेलं ‘रुबीमार’ २०२४च्या मार्चमध्ये बुडाल्यावर तो आकडा डोळ्यांसमोर होता. मोठ्या कंपन्यांनी तर त्याआधीच आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली होती. सुएझ कालव्याचं उत्पन्न २०२३मध्ये सुमारे १,०२५ कोटी डॉलर होतं, ते २०२४मध्ये ४०० कोटींच्या आसपास घसरलं. या भांडणात नसलेल्या इजिप्तनं एका वर्षात ६०० कोटींहून जास्त डॉलर गमावले.

अमेरिकी विनाशिकांनी ढालीचं काम चोख केलं, पण त्याचा खर्च बघा. सुमारे पंधरा महिन्यांत त्यांनी शंभराहून जास्त एसएम-२ आणि ८० एसएम-६ क्षेपणास्त्रं वापरली. एका एसएम-२ची किंमत वीस लाख डॉलरच्या घरात आहे, आणि ती कित्येकदा काही हजार डॉलरच्या ड्रोनवर खर्ची पडली. विनाशिकेवर नव्वदच्या आसपास क्षेपणास्त्रांची सोय असते. ती भर समुद्रात पुन्हा भरता येत नाहीत, त्यासाठी बंदर गाठावं लागतं. ३० जानेवारी २०२४ला एक क्षेपणास्त्र ‘ग्रेव्हली’ या विनाशिकेच्या दीडेक किलोमीटरपर्यंत पोचलं आणि शेवटच्या क्षणी जवळच्या माऱ्याच्या तोफेनं पाडलं गेलं.

सरकारांपुढचे तीन मार्ग

या परिस्थितीत सरकारकडे तीन मार्ग असतात. पहिला, येणारं शस्त्र पाडणं. त्याचा हिशेब वर झाला. लेझरवर सध्या जो पैसा ओतला जातोय तो त्याचसाठी. लेझरच्या एका माऱ्याला लागते ती मुख्यतः वीज. धूळ, धुकं आणि ढग मात्र त्याला अडवतात.

दुसरा मार्ग, लाँचर शोधून मारणं. १९९१च्या आखाती युद्धात इराकनं ८०हून जास्त स्कड डागले. आकाश पूर्णपणे अमेरिकेच्या आणि तिच्या मित्रांच्या ताब्यात होतं, तरी फिरता लाँचर नष्ट केल्याचा एकही खात्रीचा पुरावा नंतर मिळाला नाही. यमनमध्ये १५ मार्च ते ६ मे २०२५ या काळात अमेरिकेनं हजाराहून जास्त ठिकाणी हल्ले केले. शेवट झाला तो ओमानच्या मध्यस्थीनं. हुथी अमेरिकी जहाजांना हात लावणार नाहीत, एवढंच ठरलं. दोनच दिवस आधी, ४ मेला, हुथींचं क्षेपणास्त्र इस्रायलच्या बेन गुरियन विमानतळाच्या आवारात पडलं होतं आणि दिल्लीहून तेल अवीवला निघालेलं एअर इंडियाचं विमान अबुधाबीला वळवावं लागलं होतं. जुलैत हुथींनी ‘मॅजिक सीज’ आणि ‘इटर्निटी सी’ ही आणखी दोन जहाजं बुडवली.

तिसरा मार्ग, रसद तोडणं. हा संथ आणि नीरस आहे, पण तिन्हींत सगळ्यात टिकाऊ. कोणतीही संघटना स्फोटकं आणि धातूच्या नळ्या स्थानिक पातळीवर जमवू शकते. दिशा ठरवणारे गायरो, संवेदक आणि छोटी इंजिनं तिला बाहेरूनच आणावी लागतात. जानेवारी २०२४मध्ये सोमालियाच्या किनाऱ्याजवळ अमेरिकी नौदलानं पकडलेल्या गलबतात इराणी क्षेपणास्त्रांचे असेच भाग सापडले. त्या कारवाईत दोन अमेरिकी कमांडो बुडाले. मच्छीमारांच्या आणि व्यापाऱ्यांच्या हजारो गलबतांतून नेमकं एक शोधायचं आणि भर समुद्रात ते ताब्यात घ्यायचं, हे काम किती कठीण आहे ते यावरून कळतं.

मोठं होण्याचं ओझं

हे सगळं वाचून क्षेपणास्त्र हाती आलं की संघटना अजिंक्य झाली, असं वाटेल. २०२४नं ते खोटं ठरवलं. हिजबुल्लाकडे त्या वेळी सव्वा ते दीड लाख रॉकेट आणि क्षेपणास्त्रं असल्याचा अंदाज होता. बहुतेक देशांच्या लष्करांकडेही एवढा साठा नसतो. पण एवढा साठा ठेवायला कोठारं लागतात. ती सांभाळायला माणसं, त्या माणसांना हुकूम द्यायला साखळी आणि साखळीला संपर्काची साधनं लागतात. म्हणजे जे जे लपवता येत नाही म्हणून सरकार उघडं पडतं, ते सगळं हिजबुल्लाकडेही आलं होतं. इस्रायलनं नेमकी तीच साखळी तोडली. १७ सप्टेंबरला हजारो पेजर फुटले, दुसऱ्या दिवशी वॉकीटॉकी, त्यानंतर कोठारांवर आणि सेनानींवर हल्ले झाले आणि २७ तारखेला नसरल्ला मारला गेला. २७ नोव्हेंबरला युद्धविराम झाला तेव्हा तो प्रचंड साठा ज्या दिवसासाठी जमवला होता, तो दिवस येऊन गेला होता. ८ डिसेंबरला सीरियात असद यांची सत्ता कोसळली आणि इराणहून येणारा जमिनीवरचा मार्गही गेला.

मग हुथी कसे टिकले? त्यांचे डोंगर इस्रायलपासून दीड-दोन हजार किलोमीटर दूर आहेत. हिजबुल्लावर इस्रायलनं वर्षानुवर्षं जशी हेरगिरी केली होती, तशी सनात कोणाचीच नव्हती. त्यांच्या हाती जगाच्या व्यापाराचा चिंचोळा रस्ताही आहे. म्हणजे शस्त्र एकाच जातीचं असलं, तरी त्याची धार भूगोलावर आणि गुप्ततेवर ठरते. शिवाय क्षेपणास्त्रानं कर गोळा करता येत नाही, गाव राखता येत नाही आणि लोकांना भाकरी देता येत नाही. सना हुथींच्या हाती आहे ती बंदुकवाल्या माणसांमुळे.

दूरच्या देशातलं हे भांडण आपल्या दाराशी येतं ते सामान आणि माणसं या दोन वाटांनी. २६ जानेवारी २०२४ला ‘मार्लिन लुआंडा’ या टँकरला आग लागली तेव्हा त्यावरचे २२ खलाशी भारतीय होते, आणि आग विझवायला धावून गेली ती मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली ‘विशाखापट्टणम’. ६ मार्चला ‘ट्रू कॉन्फिडन्स’वरच्या हल्ल्यात तीन खलाशी मेले आणि २१ जणांना वाचवलं तेही माझगावच्याच ‘कोलकाता’नं. त्याच हंगामात न्हावा शेवाहून युरोपला निघालेल्या नाशिकच्या द्राक्षांना आफ्रिकेचा वळसा पडला, प्रवास लांबला आणि भाडं भडकलं.

क्षेपणास्त्रानं लहान संघटनेला मोठ्या देशावर विजय मिळवून दिल्याचं उदाहरण इतिहासात नाही. पण मोठ्याचा विजय महाग करण्याची, आणि त्याचं बिल तिऱ्हाइताच्या माथी मारण्याची ताकद त्यानं तिला नक्की दिली आहे. हे बिल पाडणाऱ्या क्षेपणास्त्रांनी फिटणार नाही. गायरो आणि इंजिनं पुरवणाऱ्या सरकारांना त्याची किंमत मोजायला लावली, तरच ते कमी होईल.